शब्दचर्चा: संहती, घनता आणि ‘टक्के नेमके कशाचे?’

भाषांतराचं टेबल: साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी एका पुस्तिकेचं मराठी करायचं आहे. ‘कॉन्सन्ट्रेशन’साठी जुन्या मजकुरात कुठे संहती, कुठे सांद्रता, कुठे तीव्रता आणि एका ठिकाणी तर घनता असंही लिहिलेलं आहे. यातला कोणता शब्द धरावा? आणि ‘१५ टक्के द्रावण’ एवढं लिहून भागतं का?

वजनकाटा: घनता आधी बाजूला काढा. एकक आकारमानात किती वस्तुमान आहे ती घनता, आणि द्रावणात विरघळलेला पदार्थ किती प्रमाणात आहे ती संहती. साखर विरघळवली की दोन्ही वाढतात, त्यामुळे घोटाळा लक्षात येत नाही. पाण्यात अल्कोहोल घाला किंवा अमोनिया शोषवा: संहती वाढत जाते आणि घनता उतरत जाते. २८ टक्क्यांचं अमोनियाचं द्रावण पाण्यापेक्षा हलकं असतं, घनता सुमारे ०.९० ग्रॅम प्रति मिलिलिटर.

तीव्रता तर मुळीच नको. तीव्र आणि सौम्य हे शब्द आम्ल किती विघटित होतं यासाठी शालेय पुस्तकांनी आधीच राखून ठेवलेत. ग्लेशियल असेटिक आम्ल ९९ टक्क्यांच्या वर संहत असतं, तरी ते सौम्य आम्लच. संहत–विरल ही एक जोडी, तीव्र–सौम्य ही दुसरी. त्यांची सरमिसळ झाली की बाटलीवरची चिठ्ठी वाचणारा फसतो, आणि आम्लाच्या बाबतीत फसणं महागात पडतं.

शब्दवेल्हाळ: सांद्रता हिंदीच्या वाटेने येते. तिकडे डेन्सिटीला ‘घनत्व’ म्हणतात, म्हणून त्यांची गल्लत होत नाही. मराठीत मात्र ‘सांद्र’ म्हटलं की दाट, घट्ट असंच मनात येतं. संहतीच बरी. मराठी विश्वकोशात द्रावणाला ‘विद्राव’ आणि द्राव्याला ‘विद्रुत’ असे शब्द भेटतील. पुस्तिका शाळेतून शिकून आलेल्यांसाठी असेल तर द्रावण, द्रावक, द्राव्य हेच ठेवा.

पॅनहाऊस: दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. नुसतं ‘टक्के’ हे अर्धं माप झालं. शंभर कशाचे आणि त्यात किती कशाचे, हे दोन्ही सांगायला हवं.

६० ब्रिक्सचं सिरप घ्या. ब्रिक्स म्हणजे वजनी टक्के: १०० ग्रॅम द्रावणात ६० ग्रॅम. २० अंश सेल्सिअसला शुद्ध साखरेच्या अशा द्रावणाची घनता १.२८६ असते. म्हणजे एक लिटर द्रावणाचं वजन १२८६ ग्रॅम, त्यात साखर ७७२ ग्रॅम आणि पाणी ५१४ ग्रॅम. आता कुणी ‘६० टक्के’ वाचून ६०० ग्रॅम साखर घेतली आणि पाणी घालून एक लिटर केलं, तर हाती येतं सुमारे ४९ ब्रिक्सचं द्रावण. साखर तोलली बरोबर, पाणी मापलं बरोबर, तरी ११ ब्रिक्सचा फरक! चूक फक्त वाचण्यात.

बाष्पीभवनाच्या हिशोबातही हेच. १५ ब्रिक्सचा रस ६० पर्यंत आटवला तर विरघळलेला पदार्थ तेवढाच राहतो, म्हणून सिरप = रस × १५ ÷ ६०. १०० टन रसाचे २५ टन सिरप, ७५ टन पाणी गेलं. पण फ्लोमीटर आकारमान दाखवतो. १०० घनमीटर रस म्हणजे (घनता १.०५९) १०५.९ टन, त्याचं सिरप २६.५ टन, आणि ते भरतं २०.६ घनमीटर. सूत्रात घनमीटर टाकून २५ काढणाऱ्याला टाकीत साडेचार घनमीटर कमी दिसतात आणि मग गळती शोधत पाइपलाइन पालथी घालतात.

भाषांतराचं टेबल: म्हणजे ब्रिक्स म्हणजे साखरेचे टक्के, असं लिहू?

पॅनहाऊस: नको. ते फक्त शुद्ध साखरेच्या द्रावणाला लागू. रसात क्षार, ग्लुकोज, फ्रुक्टोज असं बरंच काही विरघळलेलं असतं आणि ब्रिक्स त्या सगळ्याला मोजतो. साखरेसाठी पोलरीमीटरवर पोल, म्हणजे त्यातल्या साखरेचे वजनी टक्के, काढायचा. पोल भागिले ब्रिक्स गुणिले १०० म्हणजे प्युरिटी. ब्रिक्स १५, पोल १२.६ तर प्युरिटी ८४.

तापमानाची ओळ मात्र विसरू नका. २० अंशांना जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायच्या यंत्रावर) ३० अंशांचा रस ठेवला तर १५ च्या आसपास साधारण पाऊण ब्रिक्स कमी दिसतो. तो न मिळवता १४.२५ धरला की प्युरिटी ८८ च्या पुढे जाते, आणि चार अंकांची ही खोटी बढती पुढच्या सगळ्या ताळेबंदात शिरते. आपोआप दुरुस्ती करणारं यंत्र असेल तर पुन्हा हाताने मिळवू नका, तीही चूक सर्रास होते.

वजनकाटा: पुस्तिकेत डिस्टिलरी असेल तर तिथे टक्के बहुधा आकारमानी असतात. पाणी आणि अल्कोहोल साध्या ऊर्ध्वपातनाने ज्या टोकापुढे वेगळे होत नाहीत, ते मिश्रण वजनी ९५.६, आकारमानी सुमारे ९७.२ आणि मोल टक्क्यांत (रेणूंच्या संख्येने) ८९.४ आहे. द्रावण तेच, आकडे तीन. आणि आकारमानांची बेरीज करू नका: ५० मिलि अल्कोहोल अधिक ५० मिलि पाणी मिळून १०० भरत नाही, ९६–९७ च भरतं. वजनांची बेरीज मात्र कधी दगा देत नाही.

वायूंचं उलट. तिथे काही न सांगता टक्के म्हटलं की ते मोलचे, म्हणजेच आकारमानाचे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पण वजनी सुमारे २३. भट्टीला लागणारी हवा काढताना कोणता आकडा उचलला हे लिहून ठेवा.

शब्दवेल्हाळ: जाता जाता, ‘मळी’ जपून वापरा. डिस्टिलरीत मळी म्हणजे मोलॅसिस (साखर काढून उरलेला दाट पाक), तर शेतात मळी टाकली म्हणजे प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ). एकाच पानात दोन्ही आले तर वाचकाला कळणार नाही.

बॉयलर बाजू: दाबाचंही असंच अर्धवट बोललं जातं. ‘एक किलो प्रेशर’ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, आणि तेही गेजवरचं, म्हणजे हवेच्या दाबाच्या वर किती तेवढंच. वाफेच्या कोष्टकात निरपेक्ष दाब, म्हणजे हवेचा दाब धरून होणारा एकूण दाब, लागतो. गेजवरच्या एक किलोला वाफ सुमारे १२० अंशांची. तोच आकडा निरपेक्ष समजून कोष्टक उघडलं तर ९९ मिळतात. २१ अंशांची तफावत.

निर्वातात तर जागाही मोजावी लागते. रस आटवणाऱ्या संचाच्या शेवटच्या बॉडीवर (भांड्यावर) पाऱ्याचा ६५० मिमी व्हॅक्यूम दिसतोय. समुद्रसपाटीला निरपेक्ष दाब उरला ११० मिमी, पाणी ५३–५४ अंशांना उकळेल. कोल्हापूरसारख्या साडेपाचशे मीटर उंचीवर हवेचा दाबच सुमारे ७१२ मिमी, म्हणून उरले ६२, आणि पाणी ४२ च्या आसपास उकळेल. तिथे ७६० मधून वजाबाकी करणारा कंडेन्सरवर नाहक शंका घेतो. सिरप पाण्यापेक्षा काही अंश वर उकळतं, ते वेगळं धरायचं.

भाषांतराचं टेबल: मग वाक्य असं ठेवते: ‘सिरप: ६० ब्रिक्स (वजनी, २० अंश सेल्सिअस)’, आणि ‘व्हॅक्यूम ६५० मिमी, स्थानिक हवेचा दाब ____ मिमी’. संहती सगळीकडे, घनता फक्त डेन्सिटीला.

बॉयलर बाजू: मोकळ्या जागेपुढे ‘बॅरोमीटर पाहून भरा’ असं छापा, नाहीतर सगळे ७६० च लिहितील.