सिमेंट वाढवण्याआधी वाळू तपासा

भिंतीचे सांधे नखाने उकरले जात असतील तर सिमेंट-वाळूचा माल १:६ ऐवजी १:४ करा, म्हणजे एका भाग सिमेंटला सहाऐवजी चार भाग वाळू घ्या, असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही, आधी वाळू बघा. वाळू मातकट असेल तर कणांवर मातीचा थर राहतो आणि सिमेंट त्यांना घट्ट धरत नाही. शिवाय असा माल जास्त पाणी मागतो, त्याने ताकद आणखी घटते.

काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी आणि थोडं मीठ घालून जोरात हलवा, दोन-तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्या किंवा गाडी परत पाठवा.

दमट वाळू फुगते, हेही लक्षात घ्या. बारीक वाळू २५-३० टक्क्यांपर्यंत फुगू शकते. म्हणजे तीच सहा घमेली वाळू दमट असली की प्रत्यक्षात कमी वाळू देतात, कोरडी असली की जास्त. एकाच भिंतीत काही थर पक्के, काही भुसभुशीत निघतात ते बऱ्याचदा यामुळे.

कोकणात खाडीची वाळू वापरणार असाल तर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय नकोच, भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षार पांढरे होऊन वर येतात. क्रशसँड (दगड फोडून केलेली वाळू) चालते, फक्त तिच्या नावाखाली क्रशरची डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, घेऊ नका.