घरची भाषा सोडायला सांगू नका
एकांनी लिहिलंय की स्थलांतरित पालकांनी घरातही नवीच भाषा बोलावी, म्हणजे मूल पाळणाघरात लवकर रुळेल. मला हे अजिबात पटत नाही. आईवडील मोडक्यातोडक्या भाषेत बोलू लागले की गोष्टी, गाणी, समजूत काढणं, सगळंच आटतं. घरच्या भाषेचा पाया पक्का असेल तर दुसरी भाषा शिकायला उलट मदतच होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतलं २९ वं कलमही मुलाच्या स्वतःच्या भाषेचा आदर राखायला सांगतं.

नव्या भाषेत येऊन पडलेलं मूल कधीकधी काही महिने बोलतच नाही. ते ऐकत असतं, साठवत असतं. त्याला लगेच मंद ठरवू नये, बोलायची सक्तीही नको. (घरच्या भाषेतही गप्प असेल, तर मात्र तपासणी हवीच.)

निर्वासित मुलांचं आणखी नाजूक. आईपासून दूर होणं ही त्यांच्यासाठी नुसती सकाळची रडारड नसते. सुरुवातीला पालकांना वर्गात बसू द्या, आग लागली तर बाहेर कसं पडायचं याचा भोंगा वाजवून सराव घेणार असाल तर आधी सांगा. आणि पालकांशी बोलायला दुभाषा आणा, कृपया मोठ्या भावंडाला त्या कामाला जुंपू नका. घरावर जे गुदरलं ते लेकराच्याच तोंडून वदवून घेणं फार क्रूर आहे.