मदत हवी आहे: कमी साखर आणि यीस्ट बंद, हे पथ्य खेड्यातल्या चुलीवर कसं सांभाळायचं?

काटवल:
पथ्य सासूबाईंचं आहे. वय ५८, मधुमेहाला ९ वर्षं झाली. गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १४ किलोमीटर. गोळ्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि चार महिन्यांपासून डापाग्लिफ्लोझिन. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप दिवसातून दोनदा. तीन महिन्यांत तीनदा लघवीच्या जागी खाज आणि पांढरं जाणं झालं, जिभेवरही पांढरा थर येतो. फ्लुकोनॅझोलच्या गोळीने आणि मलमाने जातं, पंधरा दिवसांत परत येतं. उपाशीपोटी साखर १७० ते १९०. चिठ्ठीवर फक्त एवढंच लिहून मिळालं: साखर कमी, यीस्ट बंद, ६ आठवडे.

घरी ज्वारीची भाकर, वरण, चून (पिठलं), भाजी असंच जेवण असतं. पाव क्वचित येतो. मग यीस्ट पोटात जातं तरी कुठून? दही-ताक, आंबील, इडली यांचं काय करायचं? चहात साखरेऐवजी गूळ चालतो का? आणि पथ्य सुरू केल्यापासून सकाळी ११ च्या सुमारास त्यांना घाम येतो, हातपाय थरथरतात. खाणं कमी झालं म्हणून अशक्तपणा आला असावा असं घरातले म्हणतात. पुढच्या आठवड्यात महालक्ष्म्या आहेत, त्यामुळे लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल.

आहारवही:
ताई, यीस्ट राहू द्या बाजूला, आधी ते ११ वाजताचं पाहा. तो अशक्तपणा वाटत नाही, रक्तातली साखर खाली जात असण्याची शक्यता मोठी आहे. ग्लिमेपिराइड जेवण असो-नसो स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. भाकर अर्धी झाली आणि गोळी तेवढीच राहिली की साखर कोसळते. त्यात फ्लुकोनॅझोल चालू असेल तर ग्लिमेपिराइड शरीरात जास्त वेळ टिकते आणि तिचा जोर वाढतो. हे दोन्ही एकाच वेळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण खाजेची गोळी एका दवाखान्यातून आणि साखरेची दुसऱ्या दवाखान्यातून आणलेली असते आणि दोन चिठ्ठ्या एकमेकींना भेटत नाहीत.

थरथर सुटली की लगेच ग्लुकोमीटरवर पाहायचं. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन सपाट चहाचे चमचे साखर (सुमारे १५ ग्रॅम) अर्धा कप पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी परत तपासायचं, ७० च्या वर आलं नसेल तर तेवढीच पुन्हा. बरं वाटल्यावर अर्धी भाकर आणि वरण. या वेळी "पथ्य मोडतं" म्हणून साखर टाळणं धोक्याचं आहे, इथे साखर हेच औषध. बिस्किट किंवा लाडू देऊ नका, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

दुसरी गोष्ट डापाग्लिफ्लोझिनची. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढते. त्या जागी साखर येत राहिली की कॅन्डिडा नावाची बुरशी तिथे पोसली जाते, आणि असा संसर्ग हा या गोळीचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम आहे. चार महिन्यांपूर्वी गोळी सुरू, तीन महिन्यांत तीनदा त्रास, हा मेळ डॉक्टरांसमोर तारखांसकट ठेवा. मनाने बंद करू नका, हृदय किंवा मूत्रपिंडासाठीही ती दिलेली असते. पण गोळी बदलता येते का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

जिभेवरच्या थराला पंप कारणीभूत असू शकतो. पंप घेतला की दर वेळी चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. स्पेसर नळी लावली तर औषध तोंडात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची.

मोहाचा_पार:
आता यीस्ट कुठून येतं ते. पावाचं यीस्ट आणि त्रास देणारा कॅन्डिडा हे वेगवेगळे जीव आहेत, आणि भट्टीत पाव भाजताना यीस्ट मरून जातं. म्हणून यीस्ट बंद केल्याने हा त्रास बरा होतो असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तरी सहा आठवडे पाळून पाहायला हरकत नाही, कारण त्यामुळे बेकरीचा मैदा आणि साखर आपोआप सुटते. खरा फायदा बहुधा तिथूनच मिळतो.

तुमच्या घरात ते बाजाराच्या दिवशी येतं. टोस, पाव, ब्रेड, क्रीमरोल, बन या सगळ्यांत यीस्ट. जिलेबीचं पीठ आंबवलेलं, वर पाक. ढाब्यावरच्या नानमध्ये असू शकतं. पाकिटावर यीस्ट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असे शब्द शोधा, चटपटीत मसाल्याच्या पुड्यांतही सापडतात. नानकटाईत यीस्ट नसतं, पण साखर आणि डालडा भरपूर, म्हणून तीही नको.

एक जागा हमखास नजरेतून सुटते, ती म्हणजे औषधाच्या बाटल्या. द्राक्षासव, अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट ही आसवं-अरिष्टं गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवूनच करतात. त्यांत साखरही असते आणि आंबण्यातून आपोआप तयार झालेलं अल्कोहोलही. च्यवनप्राश तर साखरेच्या पाकातच. खोकल्याच्या गोड सिरपचंही तेच. घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

दही-ताक बंद करू नका. दूध विरजतं ते जिवाणूंमुळे, यीस्टमुळे नाही. मात्र उकाड्यात दही दिवसभर बाहेर राहिलं की हवेतलं यीस्ट त्यात वाढतं. वर बुडबुडे आले, वास दारूसारखा आला, चव जिभेला झोंबली, की ते दही संपलं असं समजायचं. विरजणही त्यातलं घेऊ नका, नाहीतर रोजचं दही तसंच लागेल. पाव लिटर दूध, कोमट असताना एक चमचा विरजण, एवढंच लावायचं. उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं, थंडीत आठ-दहा तास. लागलं की माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवून त्याच दिवशी संपवायचं. फ्रिज असला तरी लोडशेडिंगमध्ये त्याचा भरवसा धरू नका.

कणीक लागेल तेवढीच मळायची. मे महिन्यात मळलेला गोळा झाकून ठेवला तर तीन-चार तासांत आंबूस वास सुटतो. ज्वारीत ही अडचण कमी, कारण भाकरीचं पीठ थापायच्या वेळीच भिजवतात. पण पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, भाकर थापताना कडा फाटतात आणि चव कडवट लागते. आठ दिवसांपुरतंच दळून आणा, उकळत्या पाण्यात भिजवा. आणि भाकर फाटते म्हणून त्यात मैदा मिसळायची सवय घरात असेल तर ती मोडा.

इडली, दोसा, आंबवलेला ढोकळा सहा आठवडे थांबवा. बदल्यात मूगडाळ चार तास भिजवून, वाटून लगेच घातलेली धिरडी करा. वाटून ठेवलेलं पीठ तासाभराच्या आत तव्यावर गेलं पाहिजे. कुरडईचे गहू तीन दिवस भिजवून आंबवलेले असतात, तेव्हा तीही नको. उडदाचे पापड, मुगाच्या वड्या, ठेचा, जवसाची चटणी यांना अडचण नाही. पावसात निघणाऱ्या सात्या (रानातली अळंबी) बुरशीवर्गातल्या असल्या तरी त्या यीस्ट नाहीत. ओळखीच्या माणसाने तोडलेल्या असतील आणि नीट शिजवल्या तर खाऊ द्या. काळी पडलेली शेंगदाण्याची बी मात्र फेकाच, त्या बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही.

जवस_चटणी:
गुळाबद्दल स्पष्ट सांगते: गूळ ही साखरच आहे. लोह थोडं असतं, पण एका चमच्यात ते नगण्य, आणि रक्तातली साखर तो जवळपास तितकीच वाढवतो. मधाचंही तेच. मोहफुलाचे लाडू पौष्टिक म्हणून देतात, वाळलेल्या मोहफुलात साखरच जास्त.

हिशेब चहापासून सुरू करा. आपल्याकडे पाहुण्यासोबत घरातल्याचाही चहा होतो. अर्ध्या कपात दोन चमचे धरले तर १० ग्रॅम, दिवसाचे सहा चहा म्हणजे ६० ग्रॅम साखर. पावामागे धावण्याआधी ही साखर थांबवा. एकदम फिका केला तर दोन दिवसांत नियमच सुटतो. दोनाचा दीड चमचा, चार दिवसांनी एक, मग अर्धा, असं उतरवलं तर पंधरा दिवसांत जीभ मान्य करते. साखर सगळ्या भांड्यात घालू नका, कपात वेगळी घाला, नाहीतर मोजमाप राहत नाही. आलं, गवती चहा घातला की फिकेपणा कमी जाणवतो. शेजारी गेल्यावर चहा टाळला तर वाईट दिसतं, म्हणून आधीच "बिनसाखरेचा टाका जी" म्हणून सांगायचं.

भाकर एकदा किराण्याच्या तराजूवर मोजा. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदकं असतात. खेड्यात थापलेली मोठी भाकर सहज ९०-१०० ग्रॅम पिठाची भरते, म्हणजे एकीत दीडपट. "दोनच भाकरी खाते" हे वाक्य म्हणून फसवं.

दिवस असा बसवा. सकाळचा चहा फिका. साडेआठला ६० ग्रॅमची एक भाकर आणि वाटीभर चून किंवा घट्ट वरण, ग्लिमेपिराइड याच जेवणासोबत. ११ वाजता मूठभर (३० ग्रॅम) फुटाणे आणि ताक, ही वेळ चुकवू नका. दुपारी एक भाकर, वाटीभर पातळ भाजी, काकडी, चालत असेल तर अंडं. संध्याकाळी फिका चहा आणि भाजलेले शेंगदाणे. रात्री आठच्या आत एक भाकर किंवा वाटीभर ज्वारीच्या कण्या, वरण, आणि दोडकं, कारलं, काटवल, वांगं, अंबाडी यांपैकी जे असेल ते. बटाटा, रताळं खायचंच असेल तर भाकरीऐवजी, भाकरीसोबत नाही.

चून पातळ करू नका. माणशी ५० ग्रॅम बेसन पडलं तर १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. पाणी घालून पुरवलेल्या चुनात ती अर्धीही उरत नाहीत. आजारपणातल्या पथ्यात सगळ्यात मोठी चूक इथेच होते: गोड बंद, भाकर कमी, आणि जागा भरायला काहीच नाही. मग माणूस वाळतो आणि संसर्गाशी लढायची ताकद जाते. दर पंधरा दिवसांनी वजन लिहा. महिन्यात दोन किलोपेक्षा जास्त उतरलं तर पथ्य सैल करून डॉक्टरांना भेटा. मूत्रपिंडाचा त्रास निघाला असेल तर प्रथिनांचं हे प्रमाण त्यांनाच विचारून ठरवा.

काटवल:
फार मदत झाली. काल ११ वाजता तपासलं, ६४ निघाली. साखरपाणी दिलं, डॉक्टरांशी फोनवर बोलून ग्लिमेपिराइड कमी झाली. आता महालक्ष्म्यांचं सांगा. नैवेद्य होईपर्यंत त्या उपाशी राहतात, आंबील आणि पुरण तर चुकतच नाही. अजून एक, त्यांच्या बहिणीला सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) आहे. सासूबाईंच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीत आकडा ६.१ आला, पण मशीनवर तर रोज १८० दिसते.

आहारवही:
६४ वेळेत सापडली हे फार चांगलं झालं. उपास नको, हे ठाम. कमी केलेली असली तरी ग्लिमेपिराइड उपाशीपोटी पुन्हा साखर पाडेल. डापाग्लिफ्लोझिनसोबत लांब उपास, उलट्या किंवा जुलाब झाले तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि त्या वेळी मशीनवर आकडा २५० च्या आतही असू शकतो. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास दिसला तर आकड्यावर विसंबू नका, थेट दवाखाना. अशा आजारपणाच्या दिवसांत ही गोळी थांबवायची का, हे आजच विचारून ठेवा. जुलाबात ओआरएस टाळू नका. लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मीठ-पाणी आतड्यात शोषायला ते लागतंच.

६.१ वर विश्वास ठेवू नका. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशीला किती साखर चिकटली ते मोजते. सिकलसेल आजारात पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. नुसता वाहक असला तरी काही मशीनवर आकडा चुकतो. बहिणीला आजार आहे म्हणजे यांची तपासणी व्हायलाच हवी: प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस ही पक्की चाचणी. तोवर हिशेब ग्लुकोमीटरवर ठेवा. साधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, पण त्यांचं नेमकं लक्ष्य डॉक्टर ठरवतील. फ्रुक्टोसामिन ही तांबड्या पेशींवर न अवलंबणारी साखरेची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते, तीही विचारा.

त्रास चौथ्यांदा आला तर गोळी घेण्याआधी स्रावाचं कल्चर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून केलेली तपासणी) करून घ्या. कॅन्डिडाच्या काही जातींना फ्लुकोनॅझोल लागू पडत नाही. जांघेतली खाज गजकर्णाचीही असू शकते. दुकानातून चिठ्ठीविना मिळणाऱ्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो. ते लावणं बंद.

मोहाचा_पार:
आंबील न आंबवताही होते. दोन टेबलस्पून ज्वारीचं पीठ वाटीभर ताज्या ताकात थंडच असताना गुठळी न ठेवता कालवा. मग वाटीभर पाणी, जिरं, ठेचलेला लसण घालून मंद आचेवर ८-१० मिनिटं सतत ढवळत शिजवा. आच मोठी झाली तर ताक फाटतं, ढवळणं थांबलं तर तळाला लागतं. मीठ उतरवताना, वर सांभार (कोथिंबीर). आंबटपणा कमी वाटला तर लिंबू पिळा, पीठ रात्रभर भिजत ठेवू नका.

पुरणात डाळीइतकाच गूळ असतो, तेव्हा अर्धी पोळी, तीही भाकरीच्या जागी. कटाची आमटी गुळाशिवाय वेगळी काढा. सोळा भाज्या पोटभर वाढा, त्यांत लाल भोपळा आणि रताळं थोडं कमी.

काटवल:
सहा आठवडे झाल्यावर यीस्ट परत सुरू करताना काय आधी?

मोहाचा_पार:
एका वेळी एकच पदार्थ. आधी इडली दोन, मग तीन दिवस बाकी सगळं तसंच ठेवून खाज, जीभ, पोट यांची नोंद. काही झालं नाही तर ढोकळा, पुन्हा तीन दिवस. पाव सगळ्यात शेवटी, कारण त्यात मैदाही आहे आणि साखर वाढली तर ती यीस्टने की मैद्याने हे कळत नाही. म्हणून पावाच्या दिवशी जेवणाआधी आणि दोन तासांनी, दोन्ही आकडे लिहा.