आरटीईतून प्रवेश मिळाला, पण शाळा कुणाचं घर गृहीत धरते?

पाटीपेन्सिल: खासगी शाळांत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा आहेत, फीचा परतावा सरकार देतं. पण घरी इंग्रजी वाचणारं आणि संध्याकाळी मोकळं असलेलं कुणीतरी आहे, हे शाळा धरूनच चालते. गृहपाठ व्हॉट्सॲपवर, प्रोजेक्ट पालकांनी करायचा, पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी. धुणीभांडी करणारी आई खाडा करून जाते आणि तासभर न कळणारं इंग्रजी ऐकून येते. मूल मागे पडलं की शेरा ठरलेला: 'घरी लक्ष देत नाहीत.' दोष शाळेच्या रचनेचा, खापर त्या आईवर.

गिरणगावकर: साफ असहमत. माझे वडील गिरणी कामगार, चौथी शिकलेले. घरी अभ्यास घेणारं कुणी नव्हतं, तरी आम्ही तिघं भावंडं शिकलो. इंग्रजी हवं म्हणूनच पालक अर्ज करतात ना? शाळेनं अपेक्षा कमी केल्या तर नुकसान त्याच मुलांचं होईल.

पाटीपेन्सिल: अपेक्षा कमी करा असं मी म्हटलेलंच नाही. शिकवायचं ते वर्गात शिकवा, घरावर ढकलू नका. तुमच्या वेळी शाळा पालकांकडून प्रोजेक्ट मागत होती का? शिवाय आरटीईचं संरक्षण आठवीपर्यंतच. नववीची पूर्ण फी कुठून आणायची?

गिरणगावकर: नववीचा मुद्दा मान्य. बाकी नाही. चाळीत शेजारचा दादा गणितं शिकवायचा. आधार माणसं उभा करतात, सगळंच शाळेवर टाकता येत नाही.

रानवाट: तुम्ही दोघंही खासगी शाळेभोवतीच फिरताय. २५ टक्क्यांच्या सोडतीबाहेर राहिलेल्यांचं काय? परताव्याचा पैसा जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, मुलांत मिसळणारे हवेत असंही सांगितलं. मुलाच्या घरची बोली कळणारा मास्तर असला की अर्धी भीती तिथंच जाते.

पाटीपेन्सिल: फुल्यांचा मुद्दा शंभर टक्के पटतो. पण म्हणून या जागा सोडायच्या? फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्के जागांतून सूट, असा नियम सरकारनं केलाच होता. जुलैमध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला. तो टिकला असता तर शहरातली गरीब आणि सुखवस्तू मुलं एका बाकावर आलीच नसती.

रानवाट: एका बाकावर बसवून वर्गात 'आरटीईवाले' म्हणून हाक मारतात, त्याचं काय? आधी ते थांबवा, मग बाकाचं कौतुक करू.