घरात होतं तेवढ्यावर केलेला गारवा: तुमचे अनुभव

चिंचगूळ
पाडव्याच्या गाठीचं काय करता तुम्ही लोक? काल डबे घासायला काढले तर रव्याच्या डब्यामागे आमची गाठी निघाली. मुंग्यांना अजून पत्ता लागला नव्हता हे नशीब.

आजीकडे गाठी टाकून द्यायची पद्धत नव्हती. पाडव्याला ती पोरांच्या गळ्यात पडायची, दिवसभर आम्ही ती चाटून चिकट करायचो, आणि संध्याकाळी आजी गळ्यातून काढून घेऊन, धुऊन, वाळवून, खलबत्त्यात कुटून बरणीत भरायची. मग चैत्रभर कुणी उन्हातून आलं की माठाचं पाणी, अर्धं लिंबू (अख्खं कधीच नाही, उन्हाळ्यात लिंबं महाग), चिमूट मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ही गाठी. पाहुणे म्हणायचे, काकू, तुमच्या सरबताला काही वेगळीच चव असते हो. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघायचो नाही.

फ्रीज नव्हता, बर्फ नव्हता. बाजारातून मुद्दाम काही न आणता घरातल्याच वस्तूंनी गारवा करायची अशी काय काय युक्ती तुमच्याकडे होती किंवा आहे? रेसिपी नको, किस्से हवेत. बरं, रेसिपी पण चालेल.

पावशेर
चाटलेली गाठी 🤣🤣 यापुढे कुणाकडे सरबत प्यायचं की नाही विचार करावा लागेल

सातवा_मजला
आमच्याकडे पन्हं. बास. कैरी उकडायची, गर काढायचा, गराच्या दुप्पट गूळ, वेलची, मीठ. गर फ्रीजमध्ये राहतो, हवं तेव्हा पाणी घालायचं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आई पातेलंभर करायची आणि आंब्याची डाळ. डाळ सगळ्यांना पुरायची, पन्हं कधीच पुरलं नाही.

खरवस
@सातवा_मजला गूळ?? पन्ह्यात साखर. गुळाने रंग मातकट येतो. साखर आणि केशर.

सातवा_मजला
@खरवस केशर घरात "आधीच असतं" होय तुमच्या? धाग्याचं नाव वाचा 😄

वऱ्हाडी_ठसका
उकडून काय करता बाप्पा, कैरी भाजा. चुलीच्या राखेत पुरून भाजलेली कैरी, साल काळी पडली पायजे, आतला गर धुरकट लागतो. आता गॅसवर वांग्यासारखी भाजतो पण ते धुराचं काही जमत नाही. उन्हातून येऊन कोणी आडवा पडला की आजी तोच गर तळपायाला अन तळहाताला चोळायची, अन उरलेल्याचं पन्हं त्यालाच पाजायची.

नवतपा म्हणजे काय ते पुण्यामुंबईला समजणार नाही. २५ मेच्या आसपास नऊ दिवस. ४५ च्या वर पारा, खिशात कांदा घेऊन फिरतात लोक. खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारायचं काम घरातल्या सगळ्यात लहान पोराचं. म्हणजे माझं.

पावशेर
कांदा खिशात ठेवून ऊन लागत नाही हे कितपत खरं?

वऱ्हाडी_ठसका
ऊन लागते का नाही माहीत नाही, बसमध्ये बाजूला कोणी बसत नाही हे खरं.

आगळवेगळं
सिंधुदुर्गातून. आमच्या घरात आगळाची बाटली नाही असा दिवस नसतो. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) पिकले की पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं. अर्ध्या रातांब्याची वाटी करून तिच्यात साखर भरायची, बरणीत थर लावायचे, बरणी उन्हात. चार-पाच दिवसांनी लालभडक पाक सुटतो तो सरबताला. मीठ घालून काढलेला रस म्हणजे आगळ, तो कढीला.

पण भर दुपारी सोलकढी करायला नारळ खवणार कोण? तेव्हा तिवळ. आगळ, पाणी, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, किंचित साखर. वर हिंगाची फोडणी दिली तर उत्तम, नाही दिली तरी चालतं. भातावर ओता नाहीतर वाटीने प्या.

आणि सोलकढी गरम करून वाढणाऱ्या मुंबईच्या हॉटेलांबद्दल मी इथे बोलणार नाही. फुटते ती!

खरवस
आगळ पुण्यात चांगलं कुठे मिळेल?

आगळवेगळं
@खरवस कोकणातला कोणी ओळखीचा नाही?? एक तरी असतोच. त्याला धरा.

मांडवीकाठ
गोंयातून सांगतो. काजूच्या बोंडांचा निरो कुणीच लिहिला नाही. बोंडं मळून झाली की त्यांचा ढीग रचून, वर वजन ठेवून जो रस आपोआप गळतो तो. नशा नाही, गोड आणि थोडा घशाला धरणारा. पण त्याच दिवशी प्यायचा, ठेवला की आंबायला लागतो. मग त्याचं पुढे काय होतं ते उर्राक (काजूची दारू) गाळणाऱ्यांना विचारा 😉

पावशेर
धागा आता खरा रंगात आला

चिंचगूळ
@पावशेर घरात आधीच असलेल्या वस्तू म्हटलंय!

मांडवीकाठ
आमच्या घरात असतं ओ ताई

कण्या_ताक
आयडीवरून कळलंच असेल. जोंधळ्याच्या कण्या रात्री शिजवून ठेवायच्या, सकाळी गार ताक, मीठ, हिरवी मिरची, कांदा. शेतावर जाताना किटलीत. याला ट्रीट म्हणत असतील तर म्हणा.

लातूरचे आहोत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची ते आठवत असेल सगळ्यांना. त्या उन्हाळ्यात ताकात पाणी घालतानाही आईचा हात आखडायचा. ताक घट्ट, म्हणजे खरं तर चैन, पण पिऊन तहान भागायची नाही. भांडं विसळलेलं पाणी त्याच ताकात. पाहुणा आला की आधी तांब्या पुढे व्हायचा, त्या वर्षी आई अर्धी वाटी दही आणि गुळाचा खडा पुढे करायची. कोणी काही बोलायचं नाही, सगळ्यांच्या घरी तेच. एक मावशी पुण्याहून येताना पाण्याचा कॅन घेऊन आल्या होत्या, मिठाईऐवजी.

आता नळाला पाणी येतं तरी आई भांडं विसळून ते पाणी ताकातच घालते.

सातवा_मजला
@कण्या_ताक काय लिहू. मावशींना नमस्कार सांगा.

खरवस
+१. आम्ही तेव्हा इथे गाड्या धूत होतो.

भरदुपारी
सगळं वाचलं नाहीये, कुकर लावलाय. माठाबद्दल: नवीन माठ आणला की एक दिवस भरून ठेवून ते पाणी झाडांना घालायचं, साबण लावायचा नाही. आत फडक्यात बांधून वाळ्याची पुरचुंडी, नसेल तर मोगऱ्याची फुलं. बाहेरून ओलं गोणपाट.

पवईकर
मुंबईत माठ गार होतच नाही, फसवणूक आहे. नाशिकला सासरी त्याच कुंभाराचा माठ दात दुखतील इतकं गार पाणी देतो.

भरदुपारी
@पवईकर कुंभाराची चूक नाही हो. माठ पाझरतो, ते पाणी बाहेरून वाळतं तेव्हा गार होतं. मुंबईच्या दमट हवेत वाळणार कसं? वाऱ्यावर ठेवून बघा, थोडा फरक पडेल. शिट्ट्या झाल्या, आले.

राइनकाठची_रमा
जर्मनी. इथे घरात पंखासुद्धा नसतो, ३५ झालं की भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर ती उष्णता बाहेर काढत बसतात. कैरी मिळते ती एशियन दुकानात, सुकलेली आणि सोन्याच्या भावात. मग शेजारच्या आजींनी बागेतले रुबार्बचे दांडे दिले. लालसर, मरणाचे आंबट. (पानं विषारी असतात, ती टाकायची.) उकडले, गूळ, वेलची, मीठ, गाळलं. डोळे मिटून प्यायलं तर पन्हंच! रंग गुलाबी, हा बोनस. आजींना ग्लासभर नेऊन दिलं तर त्यांनी वेलचीचा वास घेतला आणि विचारलं, हे नाताळचं आहे का? कारण इथे वेलची नाताळच्या बिस्किटांत.

फक्त २४ जूननंतर रुबार्ब काढत नाहीत म्हणे, त्यामुळे आधीच उकडून फ्रीजरमध्ये टाकते.

चिंचगूळ
@राइनकाठची_रमा हे भारी आहे!! फोटो टाक ना

मध्यरात्रीचा_वाचक
सिडनीत आत्ता रजई घेऊन हे वाचतोय. डिसेंबरात धागा वर काढेन.

गच्चीवरचा
पॉट आईस्क्रीम कोणीच नाही?? लाकडी बादली, मध्ये डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ. मिठाने बर्फ शून्याच्याही खूप खाली जातो म्हणून दूध गोठतं, हे शास्त्र मला शाळेत नाही, गच्चीवर कळलं. हँडल फिरवायला वाड्यातली सगळी पोरं रांगेत, जितके फेरे जास्त तितका वाटा मोठा असा नियम. तो नियम कधीच पाळला गेला नाही. थोरला भाऊ शेवटची दहा मिनिटं फिरवायचा, जेव्हा ते जड होतं, आणि म्हणायचा खरं काम मीच केलं. दर वर्षी झाकण उघडताना मिठाचं पाणी आत जायचंच. खारट हापूस आईस्क्रीम ही चव आता पैसे देऊनही मिळत नाही.

खरवस
आणि नंतर फ्रीज आला तेव्हाचं जीएमएस-सीएमसी (आईस्क्रीम घट्ट, मऊ व्हायला घालायच्या) पावडरवालं! आई साप्ताहिकातलं कात्रण फ्रीजवर चिकटवून ठेवायची. गोठवा, काढा, फेटा, परत गोठवा. अर्धा लिटर दुधाचं पातेलंभर व्हायचं.

पावशेर
हवाच खायचो आपण

दोन_पोरांची_आई
मुलीने सब्जा न भिजवता तोंडात टाकला, घशात फुगला, खोकून खोकून नाकातून आला. ती हसतेय, मी रडतेय. भिजवायला किती वेळ लागतो?

भरदुपारी
@दोन_पोरांची_आई पंधरा-वीस मिनिटं, भरपूर पाण्यात. आणि उन्हाने पोरांचं पोट बिघडलं तर सरबत-पन्हं नको हं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, सपाट मोजून. थोडं थोडं पाजायचं. तरी थांबलं नाही तर डॉक्टर.

पवईकर
माठ खिडकीत ठेवला. मांजराने पाडला.

भरदुपारी
😂 मांजर गार झालं ना

गच्चीवरचा
लिहिता लिहिता मूड आला म्हणून काल दूध आटवून फ्रीजरमध्ये लावलंय आणि आत्ता आमच्याकडे लाईट गेली. ऑफिसला फोन केला तर "काम चालू आहे". कोथरूडमध्ये कुणी असेल तर चमचा घेऊन या, तासाभरात यायला लागेल.

पावशेर
पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा