वन-टेन बगीसाठी रेडिओ कुठला घ्यावा? बजेट १५ हजार

पाइपात_घुसलेला:

नमस्कार मंडळी. रिमोटवर चालणारी वन-टेन स्केलची (खऱ्या गाडीच्या एक दशांश) इलेक्ट्रिक बगी (मातीवर पळणारी रेसची गाडी) आहे माझ्याकडे, फोर व्हील ड्राइव्ह, ब्रशलेस मोटरची, रेडी टू रन (जोडलेली, तयार) घेतलेली. आधी सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पळवायचो, आता पुण्याजवळ एका मातीच्या ट्रॅकवर रविवारी जायला लागलोय आणि तिथल्या पोरांबरोबर हीट्स (छोट्या शर्यती) मारतो. गाडीबरोबर आलेला रिमोट (ट्रॅकवर सगळे त्याला रेडिओ म्हणतात) म्हणजे निव्वळ खेळणं, ट्रिमची बटणं आणि स्टिअरिंगचा एक डीआरचा (चाकं किती वळायची ते ठरवणारा) नॉब, संपला विषय. ब्रेक कमी करायची सोयच नाही, ट्रिगर जरा पुढे ढकलला की चारही चाकं लॉक आणि गाडी आडवी. वर सरळ पट्टा संपवून वळणात शिरताना कधीकधी अर्धा सेकंद गाडी ऐकतच नाही, मग एकदम शुद्धीवर येते, तोवर कडेच्या पाइपात घुसलेली असते (म्हणून आयडी).

बजेट १५ हजार, फार तर १८. यूट्यूब बघून डोकं भणभणलंय. एक म्हणतो लेटन्सी (हात हलवल्यापासून गाडी ऐकेपर्यंतचा उशीर) बघ, दुसरा म्हणतो चॅनेल (एकेका भागाला हुकूम द्यायची वेगळी वाट) जास्त घे, तिसरा म्हणतो जायरोवाला (गाडी घसरली की स्टिअरिंग आपोआप सावरणारा) रिसीव्हर (गाडीतली सिग्नल घेणारी डबी) घे म्हणजे गाडी सरळ जाते. माझ्या यादीत फ्लायस्कायचा नोबल एनबी४, डम्बोआरसी, रेडिओलिंक, नाहीतर सेकंडहँड सॅनवा एमटी-४४ किंवा फुताबा ४पीएम. पुढच्या वर्षी एक टूरिंग कार (गुळगुळीत ट्रॅकवरची) पण घ्यायचा विचार आहे (घरी अजून बोललेलो नाही). आणि मी डावखुरा आहे, त्याने काही फरक पडत असेल तर सांगा.

क्रिस्टलवाले_काका:

आधी एक विचारतो, रागावू नकोस. ते अर्धा सेकंद ऐकत नाही ते रेडिओमुळेच होतंय हे कशावरून? २.४ गिगाहर्ट्झवर ट्रॅकच्या अंतरात सिग्नल जाणं तसं दुर्मिळ. मला हा पॉवरचा घोळ वाटतोय. वळणात शिरताना तू काय करतोस, ब्रेक मारतोस आणि त्याच क्षणी स्टिअरिंग पूर्ण फिरवतोस. सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) तेव्हा भसकन करंट ओढतो, तो करंट येतो ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणारी डबी) बीईसीमधून (रिसीव्हर-सर्व्होला वीज देणारा तिचा भाग), बीईसी कमजोर असला की व्होल्टेज खाली बसतं आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू होतो. तुझं ‘शुद्धीवर येते’ ते हेच असणार. नवा २० हजाराचा रेडिओ घेतलास तरी गाडी तिथेच पाइपात जाईल.

घरी करून बघ. गाडी खरखरीत फरशीवर ठेव, चाकं जमिनीला टेकलेली पाहिजेत, हवेत धरून काही कळत नाही कारण सर्व्होवर लोडच येत नाही. मग स्टिअरिंग या टोकाहून त्या टोकाला जोरजोरात फिरव आणि नजर रिसीव्हरच्या एलईडीवर ठेव. लुकलुकला की चोर सापडला. इलाज स्वस्त आहे, रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला कॅपॅसिटर लावायचा, ग्लिच बस्टर म्हणून तयार मिळतो. त्याने नाहीच भागलं तर वेगळा बीईसी.

आणि झाकण उघडलंच आहेस तर बघून घे की ईएससी आणि रिसीव्हर वेगळे आहेत की एकाच डबीत. स्वस्तातल्या रेडी टू रन गाड्यांत बरेचदा दोन्ही एकत्र असतात, तसं असेल तर नव्या रेडिओबरोबर नवा ईएससी पण घ्यावा लागेल, मग तुझं १५ चं बजेट विसर. रिसीव्हरची अँटेना पण बघ. वायरीच्या टोकाचा साधारण ३ सेंटिमीटर उघडा भाग असतो, काम तोच करतो, तो नळीतून उभा वर काढायचा. मोटरच्या वायरींजवळ गुंडाळून ठेवायचा नाही, कार्बनच्या चॅसिसवर चिकटवायचा नाही आणि लांब वाटतो म्हणून कापायचा तर अजिबात नाही.

अवांतर: आमच्या वेळी २७ मेगाहर्ट्झ होतं, सहा रंगांची सहा क्रिस्टल (प्रत्येकाची फ्रीक्वेन्सी वेगळी), तपकिरी लाल नारिंगी पिवळा हिरवा निळा. एका वेळी एका रंगाचा एकच माणूस रेडिओ चालू करणार. कोणीतरी न विचारता पिटमध्ये लाल चालू केला की ट्रॅकवरची दुसऱ्याची लाल गाडी थेट भिंतीत, आणि मग जी भांडणं व्हायची! तुम्ही पोरं बाइंडचं (रेडिओ-रिसीव्हर जोडायचं) बटण दाबता आणि मोकळे.

रिसीव्हर_मोज_आधी:

काकांशी सहमत, पण रेडिओ त्याला तरीही लागणारच आहे, ब्रेकचा ईपीए (ब्रेक जास्तीत जास्त किती लागावा ती मर्यादा) नसलेल्या रिमोटवर रेस करणं म्हणजे शिक्षा आहे.

भाऊ, रेडिओची किंमत बघू नकोस, रिसीव्हरची बघ. रेडिओ एकदा घेतोस, रिसीव्हर प्रत्येक गाडीला एक. तू आत्ताच दुसऱ्या गाडीचं बोलतोयस, या छंदात दोनावर कोणी थांबत नाही, आणि एखादा पाण्यात किंवा आपटून जातोच. सॅनवा, फुताबाचा चांगला ओरिजिनल रिसीव्हर आपल्याकडे हातात पडेपर्यंत एवढा महाग पडतो की सेकंडहँड रेडिओ स्वस्तात मिळाल्याचा आनंद तिथेच मावळतो. डम्बोआरसी, रेडिओलिंकचे रिसीव्हर त्यामानाने किरकोळीत येतात, नोबलचे मधे कुठेतरी.

दुसरं म्हणजे एका कंपनीचा रिसीव्हर दुसऱ्या कंपनीच्या रेडिओला बोलत नाही हे माहीत असेलच, पण एकाच कंपनीतही प्रोटोकॉल वेगळे असतात. फ्लायस्कायचंच घे, जीटी३सी जुन्या एएफएचडीएसवर, जीटी५ एएफएचडीएस २ए वर, नोबल एएफएचडीएस ३ वर. मित्राकडे पडलेला फ्लायस्कायचा रिसीव्हर आहे म्हणून खूश होऊ नकोस, मागचा नंबर वाचून मगच खूश हो.

तुझ्या जागी मी असतो तर नोबल घेतला असता, बजेट ताणून. बॅटरी आतच आहे, सेल बदलायची कटकट नाही, मेनू समजायला सोपा आणि हातात धरल्यावर खेळणं वाटत नाही. ते जमत नसेल तर डम्बोआरसी घे, उरलेल्या पैशात चांगला मेटल गिअरचा डिजिटल सर्व्हो टाक. रेडी टू रनमधला सर्व्हो सेंटरला नीट परत येत नसेल तर महागातला महाग रेडिओ पण काय करणार, तो आपला सांगतोय आणि हा ऐकत नाहीये.

चॅनेलचं म्हणशील तर तुला दोनच लागतात, स्टिअरिंग आणि थ्रॉटल. तिसरा-चौथा रिकामा असलेला बरा, तिथून ट्रान्सपॉन्डरला (लॅपची वेळ नोंदवणारी डबी), फॅनला किंवा काकांच्या कॅपॅसिटरला पॉवर मिळते. सात-आठ चॅनेल क्रॉलरवाल्यांना (दगडांवर हळू चढणाऱ्या गाड्यांचे), त्यांना विंच, लाइट, डिफ लॉक सगळं पाहिजे असतं.

लेस्टरमधला_कोल्हापुरी:

जायरो विसर. बऱ्याच क्लबांच्या रेसच्या नियमांत जायरोला मनाई असते. ड्रिफ्टवाले वापरतात, रिअर व्हील ड्राइव्ह ड्रिफ्ट कारचं त्याशिवाय चालत नाही, पण तो वेगळा खेळ. अडचण अशी की फ्लायस्कायच्या बीएस६ सारख्या रिसीव्हरमध्ये जायरो आतच असतो, नुसता बंद ठेवलाय म्हणालास तरी तपासणीला एखादा हुज्जत घालतो. रेससाठी बिनजायरोचाच घे.

लेटन्सीचं गणित सांगतो, लोक त्यावरून उगाच मारामाऱ्या करतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल तर १० मिलिसेकंदात साधारण १७ सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे फरक खरा आहे, ओव्हल किंवा टूरिंगमध्ये वरच्या पोरांना जाणवतो. पण मातीवर, खड्ड्यांतून उड्या मारत जाणाऱ्या बगीत आपली चूक १७ सेंटिमीटरची नसते रे, दोन फुटांची असते. मेंदूलाच २०० मिलिसेकंद लागतात.

सॅनवा सेकंडहँड घेतलाच तर एक सांभाळ. मेनूमध्ये रिसीव्हरचा मोड निवडायचा असतो. नॉर्मल सगळ्या सर्व्होंना चालतो, एसएचआर डिजिटलला, एसएसआर फक्त त्यांच्या एसआरजीवाल्या सर्व्होंना. साधा अ‍ॅनालॉग सर्व्हो फास्ट मोडवर टाकलास तर आधी गुणगुणतो, मग गरम होतो, मग वास येतो.

सेकंडहँड बघायला गेलास की स्क्रीनवर सर्व्हो मॉनिटर उघड, स्टिअरिंग पूर्ण फिरवून सोड आणि आकडा बघ. दर वेळी शून्यावर आला पाहिजे. एकदा ३, एकदा उणे २ असं करत असेल तर आतलं पोटेन्शिओमीटर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) झिजलंय. ट्रिगरला आडवा खेळ आहे का ते पण हलवून बघ.

इथे ब्रिटनमध्ये अजून बरेच जण स्टिकवर चालवतात, दोन अंगठ्यांवर, आणि सुसाट चालवतात. तू ड्रोन किंवा विमानं उडवत असशील तर विचार कर, नाहीतर पिस्तूलवालाच (ट्रिगर आणि चाकाचा) घे, भारतात स्टिकचा कारचा रेडिओ शोधून दमशील.

पाइपात_घुसलेला:

काका, लुकलुकतोय! फरशीवर दोन-तीनदा फिरवलं आणि एलईडी चक्क विझून पुन्हा लागला. ईएससी आणि रिसीव्हर वेगळे आहेत, तेवढं नशीब. कॅपॅसिटर बघतो आजच.

रेडिओ मात्र घ्यायचाच आहे. नोबल बाहेरून मागवला तर स्वस्त दिसतोय, मागवू का? आणि डावखुऱ्याचं राहिलं.

रिसीव्हर_मोज_आधी:

बाहेरून मागवायचं तर वायरलेस वस्तू म्हणून कस्टम्सला अडकू शकते, डब्ल्यूपीसीचं (वायरलेसचं सरकारी खातं) ईटीए (उपकरणाची मंजुरी) विचारतात. २.४ चा बँड आपल्याकडे २००५ पासून ठरलेल्या पॉवरच्या आत बिनलायसन्स वापरता येतो, त्यामुळे वापरायला काही हरकत नाही, त्रास आणतानाचा आहे. वर आत लिथियम बॅटरी, कुरिअरवाले त्यावरून वेगळे नखरे करतात. माझ्या एका पार्सलचा असाच खेळखंडोबा झाला होता. इथल्याच दुकानातून घे, दोन पैसे जास्त गेले तरी, उद्या बिघडला तर निदान कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसता येतं.

लेस्टरमधला_कोल्हापुरी:

डावखुऱ्याचं टेन्शन नको. नेहमीचा रेडिओ डाव्या हातात धरायचा, ट्रिगर डाव्याच बोटावर आणि चाक उजव्या हाताने. थ्रॉटल-ब्रेकचं नाजूक काम डाव्या हाताला म्हणून बऱ्याच डावखुऱ्यांना तेच आवडतं. वरच्या किमतीच्या काही रेडिओंत चाक दुसऱ्या बाजूला बसवता येतं, पण त्यासाठी जास्तीचे पैसे घालण्याआधी ट्रॅकवर कोणाचा तरी मागून एक पॅक (एक बॅटरी संपेपर्यंत) चालवून बघ.

क्रिस्टलवाले_काका:

लुकलुकला ना? मग कॅपॅसिटर बसवून हीच टेस्ट परत कर, तरीही विझला तर बीईसी बदल.

नवा रेडिओ आला की गाडी स्टँडवर ठेवून पहिलं काम फेलसेफचं (सिग्नल गेला की गाडीने काय करायचं ते). थ्रॉटल ब्रेकवर सेट कर, रेडिओ बंद करून चाकं थांबतात का बघ, मग खाली उतरव. मग स्टिअरिंगचे एंड पॉइंट दोन्ही बाजूंना वेगवेगळे लाव, चाक टोकाला गेल्यावर सर्व्हो गुणगुणता कामा नये. ब्रेकचा ईपीए ६० पासून चालू कर आणि चाकं लॉक होईपर्यंत थोडा थोडा वाढव, लॉक झाली की दोन-चार मागे. एक्स्पो (मधल्या भागात स्टिअरिंग किती मऊ किंवा तीव्र ते) पहिल्या दिवशी शून्यच ठेव. नंतर लागला तर मॅन्युअल बघून लाव, काही कंपन्यांत उणे म्हणजे मऊ, काहींत अधिक म्हणजे मऊ.

येत्या रविवारी मी येतोय, माझा एमटी-४४ आणि पुतण्याचा नोबल दोन्ही आणतो, हातात धरून बघ. तोवर सर्व्होचा नंबर इथे टाक, अ‍ॅनालॉग निघाला तर सॅनवाचा मोड आधी बदलावा लागेल.

पाइपात_घुसलेला:

नक्की येतो काका. सर्व्होवरचं स्टिकर मातीने घासून गेलंय, उघडून बघतो आणि फोटो टाकतो.