तीन मिनिटांची तबकडी हे अपुरं गाणं आहे का?

लाखेची_तबकडी

परवा 'सध्या काय ऐकताय' असा विषय निघाला तेव्हा मी तीन नावं दिली होती. अब्दुल करीम खाँसाहेबांचा राग झिंझोटी, केसरबाई केरकरांचा राग ललत आणि द. वि. पलुस्करांचा राग श्री. तिन्ही अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या, लाखेच्या जुन्या तबकड्या. त्यावर झुमरा१४ यांनी लिहिलं, "ही चव घेणं झालं, जेवण नव्हे. ख्याल ऐकायचा तर मैफलीचं रेकॉर्डिंग ऐका." हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहितो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळायची, हे गाणाऱ्याला आधीपासून माहीत असे. तो दीड तासाची मैफल कापून तीन मिनिटांत कोंबत नव्हता. तेवढ्या वेळासाठी वेगळा घाट शोधत होता. लय मध्य ठेवायची, आलाप बंदिशीच्या शब्दांतच करायचा, तान आली तर तीही मुखड्याला, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीला, चिकटून. पलुस्करांचं 'हरि के चरण कमल' लावा. कोमल रिषभावरून पंचमाला भिडणारी ती संगती आली की श्री तुमच्यासमोर उभा. त्यानंतर एक स्वर फुकट गेलेला नाही. मी हे गाणं चाळीस वर्षं ऐकतोय आणि 'अजून हवं होतं' असं एकदाही वाटलं नाही.

भीमसेनजींनी लहानपणी खाँसाहेबांच्या त्याच झिंझोटीची, 'पिया बिन नाही आवत चैन'ची तबकडी ऐकली आणि गाणंच करायचं ठरवलं. पुढे गुरू शोधायला घर सोडलं. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाईंची भैरवी गेली, 'जात कहाँ हो', तीही साडेतीन मिनिटांचीच. यांना चव म्हणायचं?

झुमरा१४

माझ्या वाक्याने मन दुखावलं असेल तर माफ करा, पण वाक्य मागे घेत नाही.

साधा हिशोब करू. अमीर खाँसाहेबांचा मारवा घ्या, 'पिया मोरे अनत देस'. संथ लयीतला झुमरा ताल, चौदा मात्रांचं एक आवर्तन. ती लय इतकी संथ आहे की चार-पाच आवर्तनांतच तुमची तबकडी संपेल. तेवढ्यात ते अजून मंद्रातल्या, खालच्या सप्तकातल्या, धैवताशी आहेत, षड्ज दाखवतात न दाखवतात, आणि त्या न दाखवण्यातच मारव्याची सगळी हुरहुर आहे. ही गोष्ट लाँगप्लेमुळे, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळाच्या रेकॉर्डमुळे, आपल्यापर्यंत पोहोचली. तबकडीच्या काळात ती नोंदलीच गेली नसती. तबकडीचा घाट सुंदर होता हे मान्य, पण त्या घाटात न बसणारं कितीतरी गाणं कायमचं गेलं. त्याचं दुःख तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही.

आता मैफलीचं सांगतो. माझ्याकडे एका घरगुती मैफलीची नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. गायकाचं नाव लिहीत नाही, घरच्यांनी तसं सांगितलंय. सुरुवातीला ते घसा साफ करतात, मागच्या तंबोऱ्याला म्हणतात, "पंचम उतरलाय, बघ." तंबोरा लागायला तीन मिनिटं जातात. म्हणजे तुमची एक अख्खी तबकडी नुसत्या तंबोऱ्यात! मग यमन. पहिली पंधरा मिनिटं आवाज लागत नाही, निषाद किंचित उतरतो आहे हे त्यांनाही कळतंय. ते त्याच निषादाशी पुन्हा पुन्हा येतात, बाजूला होतात, गांधारावरून परत येतात. आणि मग एकदा तो निषाद असा लागतो की खोलीतले आठ-दहा लोक एकदम 'आहा' म्हणतात, त्यात माझ्या वडिलांचा आवाज आहे. तो निषाद मिळवलेला आहे. त्यामागची पंधरा मिनिटं काढून टाका, नुसता सुरेल निषाद उरतो.

मिरजवाली

दोघांचंही वाचलं. मी अजून शिकतेच आहे, म्हणून वेगळ्या बाजूने विचारते.

झुमरादादा, त्या कॅसेटमधल्या गायकांना ती वाजत राहावी असं वाटलं असतं का? पहिली पंधरा मिनिटं आवाज लागला नाही हे तुम्ही किती प्रेमाने लिहिलंय, पण ते त्यांनी तुमच्या वडिलांसमोर गायलं होतं, आमच्यासमोर नाही. अन्नपूर्णा देवींनी सार्वजनिक वादन थांबवलं, स्वतःचं रेकॉर्ड काढलं नाही. तरी कुणीतरी टिपून ठेवलेलं त्यांचं सुरबहारवरचं (सतारीसारखं, पण खर्जातलं वाद्य) मांझ खमाज आज कुणीही ऐकतं. मीही ऐकलंय आणि रडलेय. तरी ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं की मी बंद दाराला कान लावून उभी आहे. तबकडीत निदान एवढं तरी आहे की गाणाऱ्याने ते 'हे माझं' म्हणून दिलेलं असतं. गायिका गौहर जान १९०२ साली कलकत्त्यात रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर गायल्या आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारून मोकळ्या झाल्या. ती त्यांची सहीच की!

झुमरा१४

मिरजवाली ताई, बंद दाराला कान लावल्याचं तुम्ही लिहिलंत त्यावर काल रात्रभर विचार केला. म्हणूनच मी ती कॅसेट कुठे टाकलेली नाही. येतील त्यांना घरी बसवून ऐकवतो, चहा देतो. पण घरात कुणी ऐकलंच नाही तर ते गाणं कुणाचं राहील?

काळी_एक

भांडणापूर्वी एक तपासा: तुम्ही ऐकताय ती तबकडी खऱ्या वेगाने वाजतेय का?

सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर कोरलेल्या नसायच्या. चौऱ्याहत्तरवर कोरलेली अठ्ठ्याहत्तरवर वाजवली तर स्वर जवळजवळ अर्धस्वराने चढतो. गायक काळी एकमध्ये गायला असेल तर तुम्हाला पेटीवरची तिच्या पुढची पट्टी, पांढरी दोन, ऐकू येते. नुसती पट्टी बदलली तर एक वेळ चाललं असतं. पण तान खरीपेक्षा चपळ होते, आवाज कोवळा होतो, तबल्याच्या कडेवरचा बोल, चाट, टिणटिण वाजतो. मग आपण 'जुन्या लोकांची तयारी बघा' म्हणून माना डोलावतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींवर तर दुहेरी संकट. वेग चुकलेला, वर कुणीतरी खरखर काढायला म्हणून असं गाळलेलं की खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीही, तारेचा तो गुंजणारा नादही, गेली. मला खरखर चालते. दोन मिनिटांनी कान तिला विसरतो. गेलेली जवारी मात्र परत आणता येत नाही.

गायनसमाज_पुणे२

मी झुमरा१४ यांच्या बाजूने, किंबहुना त्यांच्याही पुढे. थोर गवई भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांची एकही तबकडी आपल्याकडे नाही. तसेच गवई अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांचाही आवाज नाही. काय बिघडलं? बुवांचं गाणं मास्तर कृष्णरावांत आलं, बालगंधर्वांत आलं. खाँसाहेबांचं केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकरांत आलं. गाणं गळ्यातून गळ्यात जातं. तबकडी आल्यावर तिची हुबेहूब नक्कल करणारे वाढले, राग समजून गाणारे नाहीत.

लाखेची_तबकडी

काय बिघडलं असं विचारता? बुवांचा आवाज एकदाही ऐकता येत नाही, हे बिघडलं. त्यांच्या गाण्याबद्दलच्या आठवणी मी वाचतो आणि हात रिकामेच राहतात. मला तीन मिनिटं नकोत, एक मिनिट द्या. भोंग्याची खरखर असू द्या, वेग चुकलेला असू द्या. मी आनंदाने घेईन.

गळ्यातून गळ्यात जातं हे खरं, पण जाताना बदलतं. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी हुबळी' या नावाने निघाल्या. त्यात आवाज उंच आणि पातळ आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचा तो धीरगंभीर, जाडसर आवाज आपण सगळे ओळखतो. त्या तबकड्या नसत्या तर ही बाई आवाज बदलल्यावर तेच गाणं नव्याने कसं उभं करते, हे कुणाला कळलं असतं?

काळी_एक, तुमचा मुद्दा मनाला लागला. माझ्याकडचा केसरबाईंचा ललत आज हार्मोनियम घेऊन तपासला. एका प्रतीत षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध येतो. पेटी मधोमध लागत नाही, म्हणजे प्रत सरकलेली असू शकते. इतकी वर्षं मी हीच ऐकत होतो.

आणि झुमरा१४, तीन मिनिटं तंबोरा लागत असतानाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला खरंच ते ऐकावंसं वाटतंय. मारव्याचंही कबूल. ते गाणं तबकडीत मावणार नव्हतं आणि तसं किती गेलं असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. पलुस्करांचा श्री अपुरा आहे हे मात्र कबूल नाही.

मिरजवाली

आमच्या गुरुजींनी पहिली दोन वर्षं कुणाचंच रेकॉर्डिंग ऐकू दिलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी पहिली ऐकवली ती झिंझोटीची तबकडीच. म्हणाले, "स्वर कसा लावतात एवढंच ऐक, शब्द नंतर." पंधरा दिवस मी तेवढंच ऐकत होते, रोज सकाळी तंबोरा लावल्यावर एकदा. नक्कल करावीशी वाटली नाही, करताच येत नव्हती.

झुमरा१४

लाखेची_तबकडी, या ना. रविवारी दुपारी घरी असतो. कॅसेटची फीत दोन ठिकाणी ताणली गेलीय आणि बाजू बदलताना मधली एक तान अर्धवट तुटते, तेवढं सांभाळून घ्यावं लागेल. येताना पलुस्करांचा श्री आणा, लाखेचीच प्रत आणा. वडिलांचा प्लेअर आहे, सुई नवी बसवून ठेवतो.

काळी_एक

त्या प्लेअरचा वेग आधी तपासून घ्या. आणि कॅसेटची एक प्रत घरच्यांना विचारून रविवारीच करून ठेवा, ताणलेली फीत फार दिवस थांबत नाही.